जावयाची कप्पी

किसनराव बोलायला लागले की नव्या माणसाला वाटायचं, भांडण सुरू झालं. एकदा पुण्याहून माझी मावसबहीण आमच्याकडे आली होती. सकाळी ती दचकून उठली, खिडकीतून डोकावली आणि म्हणाली, "अरे, कुणीतरी सोडवा त्यांना!" सोडवण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या किराणा दुकानदाराला नातू झाला म्हणून किसनराव आनंद व्यक्त करत होते, एवढंच.

अमरावतीला बुधवाऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळामास्तर. दिवसभर वर्गात ओरडून माझा घसा बसायचा, आणि हे गृहस्थ दिवसभर उन्हात ओरडून संध्याकाळी ताजेतवाने घरी यायचे, याचा मला हेवा वाटायचा. मूळचे ते तिवस्याकडच्या शेतकरी घरातले. वावर धाकट्या भावाच्या हवाली करून लढाईच्या काळात ते पलटणीच्या गोदामात ओझी चढवायला-उतरवायला गेले, तिथे दोर आणि कप्पी यांच्या नादाला लागले, ते कायमचेच.

त्यांचा धंदा झाडं उतरवण्याचा. "पाडण्याचा" म्हटलेलं त्यांना खपत नसे. "पाडते तो वारा, नाई तं येडा. आमी उतरवतो," असं ते बजावून सांगायचे. गावात घरांच्या दाटीत वाढलेलं झाड मुळापासून तोडून आडवं करता येत नाही. कुणाची कौलं जातात, कुणाची न्हाणी. म्हणून एक माणूस करवत घेऊन वर चढणार, एकेक फांदी दोराने बांधणार, तो दोर वर साखळीने अडकवलेल्या कप्पीवरून खाली येणार आणि खाली बुंध्याला वेढा देऊन किसनराव तो हळूहळू सोडणार. वरच्या माणसाला फक्त समोरची फांदी दिसते, खालच्याला अख्खं झाड दिसतं. तेव्हा खालच्याने ओरडायचं आणि वरच्याने ऐकायचं. ओरडणं म्हणजे अर्थातच शिव्या. त्यांच्या शिव्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत, पण त्यांत राग नसायचा. गाडीवान बैलांशी बोलतो तशातलाच तो प्रकार होता.

माणूस ठेंगणा, मान आखूड आणि जाड, तळहात तळपायासारखे. रस्त्याने चालताना नजर सदा वर. त्यामुळे गल्लीतल्या नालीत त्यांचा पाय आठवड्यातून एकदा तरी जायचाच. नालीतून पाय काढता काढता ते सांगायचे, "मास्तर, वकिलाच्या घरचा शेवगा पाहा. यंदाच्या वाऱ्यात जाते तो." शेवग्यावर त्यांचा भारी राग. "कडूनिंब कसा, आधी करकरते, मंग तुटते. माणसाले सरकाले वेळ देते. शेवगा बेइमान. हासत हासत तुटते."

आमच्या अंगणातल्या चिंचेची एक फांदी घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, ओणवली होती. ती उतरवायला किसनराव आले ते नेमके उन्हाळी वाळवणाच्या दिवसांत. धाब्यावर आमच्या सौभाग्यवतींनी धोतर अंथरून सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या कणकेच्या नळ्या, वाळत घातलेले. ती घाईघाईने धोतराची टोकं गोळा करायला लागली तर हे खालून गरजले, "राहू द्या वहिनी! त्यायले वाळू द्या. फांदी तिच्या वाटेनं येईन." फांदी खरोखर तिच्या वाटेने आली. एखादी लेकुरवाळी बाई जिना उतरते तशी थांबत थांबत आली आणि अंगणात टेकली. सरगुंड्यांवर चिंचेचा पाला तेवढा पडला. किसनरावांनी तो स्वतः वर जाऊन वेचून काढला आणि वेचता वेचता चारदोन सरगुंडे कच्चेच खाल्ले.

त्यांच्या कप्प्या ओसरीवर खुंट्यांना टांगलेल्या असत. सगळ्यांत मोठी पोलादाची, काळीकुळकुळीत, तिला ते 'म्हैस' म्हणायचे. ती उचलायची म्हणजे माझ्यासारख्याला दोन्ही हात आणि देवाचं नाव लागे. वर चढणाऱ्या माणसाला कमरेला करवत, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि पाठीला ही म्हैस घेऊन चढावं लागायचं. अर्ध्या झाडावर गडी धापा टाकायला लागायचे.

एकदा मी अकोल्याला सासुरवाडीला गेलो होतो आणि योगायोगाने किसनरावही तिथे दोर घ्यायला आले होते. ते मला जुन्या मालाच्या बाजारात घेऊन गेले. लढाईनंतर लिलावात निघालेला पलटणीचा बराच माल तेव्हा तिथे यायचा. एका दुकानात त्यांना पांढरीशुभ्र कप्पी आणि तसल्याच पांढऱ्या कड्यांचा जुडगा दिसला. अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला सगळे 'जर्मन' म्हणतात. ताट जर्मनचं, डबा जर्मनचा. दुकानदार म्हणाला, "पाटील, एका बोटावर उचला. पोलादाच्या बरोबरीनं ओझं घेते, अन् वजन कुठं?"

किसनरावांनी ती कप्पी बोटावर उचलली, कानाशी धरून दगडाने वाजवली, आणि मग खिशातला चाकू काढून तिच्या टांगायच्या आकड्यावर ओढला. बारीक रेघ उमटली. शेजारी पडलेल्या पोलादी आकड्यावर ओढला, चाकूच घसरला.

"पाह्यलं मास्तर? जिथं चाकू लागते तिथं साखळी लागन. साखळी लोखंडाची, आकडा जर्मनचा. घासतानी कोन झिजन? मऊ असन तो. अन् पोलाद कसं, आधी वाकते. आकडा वाकला का दिसते, आपुन कप्पी बदलतो. हे जर्मन वाकाच्या भानगडीत पडत नाई. एकदम मोडते."

"मग कशाला घेता?"

"घेतो ना बाप्पा! वर चढनाऱ्याचं ओझं कमी व्हाले नको? थकला हात पयले चुकते." आणि त्यांनी तिथेच कायदा सांगून टाकला, "आंगाले जर्मन, ओझ्याले पोलाद." म्हणजे चढणाऱ्या माणसाच्या कमरेच्या दोराला हलक्या पांढऱ्या कड्या, आणि फांदीचं वजन घ्यायला मात्र म्हैसच. पांढऱ्या कप्पीचं काम एवढंच, की वर करवत पाठवायची, पाण्याचा लोटा पाठवायचा. गोऱ्या रंगामुळे तिचं नाव पडलं 'मडम'. हा कायदा त्यांच्या प्रत्येक गड्याला पाठ होता. मलाही झाला होता, आणि माझा झाडाशी संबंध चिंच खाण्यापुरता.

त्यांच्या हाताखाली रामा नावाचा गडी होता. चांदूर रेल्वेकडचा, चांगला पंचविशीचा, उंचापुरा, झाडावर चढायला लागला की खालच्यांनी नुसतं पाहत राहावं. किसनराव त्याच्यावर खूश होते, हे त्याला पडणाऱ्या शिव्यांवरून कळायचं. इतरांच्या दुप्पट त्याच्या एकट्याच्या वाट्याला यायच्या. "अबे रामड्या, माकडा, बूड हालव! डाव्या अंगाले! तुयी डावी, माही नाई बे!" आणि वरून रामा हसत ओरडायचा, "होय ना बाप्पा, ऐकून रायलो!" कप्पी वर जाण्याआधी किसनराव तिचा आकडा बोटाने चाचपायचे, रामाच्या कमरेच्या गाठी ओढून पाहायचे, ओढताना त्याला दोन हिसके द्यायचे.

किसनरावांना एकुलती एक मुलगी, शांता. बापाचा आवाज आणि आईचा समजूतदारपणा घेऊन जन्माला आलेली. आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला तिचं लग्न याच रामाशी लागलं. जातीचा, पाहण्यातला, मेहनती. सगळ्यांनाच ते पटलं.

आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून रामड्याचे 'रामरावजी' झाले.

आमच्याकडे जावई म्हणजे काय प्रकरण असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. जावयासमोर सासरा खाटेवर बसत नाही. जावयाला अरेतुरे केलं तर पोरीचा अपमान होतो. जावयाला दिलेलं परत मागणं तर दूरच, त्याच्याकडे डोळा भरून पाहूही नये. किसनराव या बाबतीत फार कडक. कालपर्यंत ज्याला हिसडून गाठी तपासल्या, त्याच्या कमरेला आता हात कसा लावायचा?

लग्नानंतर पहिलं झाड उतरवायचं होतं, तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो. गडी तोंडाला उपरणं लावून हसत होते. खालून किसनराव, तो घनघोर आवाज अर्ध्यावर आणून, म्हणत होते, "रामरावजी, जरा डाव्या अंगाले सरकता का?" वर रामराव कानाला हात लावून विचारत होता, "काय म्हनलं?" त्याला ऐकूच येत नव्हतं. शेवटी तो ओशाळून म्हणाला, "मामाजी, पयल्यासारखं बोला ना. मले समजत नाई असं." किसनरावांनी जीभ चावली. म्हणाले, "असं कसं, असं कसं? लोक काय म्हनतीन?"

मी संध्याकाळी त्यांची भरपूर थट्टा केली. ते हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, पोरगी देल्ली हो. आता तोंड सांभाळाच लागते."

पुढे अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चंगळ. त्याला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारसे किंवा बत्तासे असलं जाळीदार काहीतरी वाण म्हणून द्यायचं, ऐपत असेल तर चांदीच्या वाटीत. किसनरावांच्या मनात मात्र वेगळंच. त्यांनी खुंटीवरची मडम काढली, चिंच आणि राख लावून आरशासारखी घासली आणि अनारशांच्या ताटात मधोमध ठेवली. त्यांची बायको, सरजाबाई, कपाळावर हात मारून आमच्या घरी आली. "मास्तर, तुमी तरी सांगा यायले. लोक जवायाले चांदी देते, हे जर्मन देऊन रायले!"

किसनरावांचं उत्तर तयार होतं. "वाणाले भोक असलेली वस्तू पायजे का नाई? कप्पीले हाय भोक." मग हळू आवाजात मला म्हणाले, "माह्या पोरीचा नवरा पाठीवर म्हैस घेऊन झाडावर चढते, अन् म्या खाली उभं राहून पाह्यचं? मले बघवत नाई आता ते."

रामरावला ते वाण मनापासून आवडलं. त्याने सासऱ्याच्या पाया पडून कप्पी कपाळाला लावली. सगळ्यांचे डोळे ओले झाले, माझेही.

पण मानाने दिलेली वस्तू खुंटीला टांगून ठेवता येत नाही. सासऱ्याने वाण दिलं आणि जावई म्हैसच घेऊन चढला, तर तो सासऱ्याचा अपमान. रामराव मडमेवरून आधी लहान फांद्या उतरवायला लागला. किसनरावांना ते दिसत होतं. 'ओझ्याले पोलाद' हा त्यांचा स्वतःचा कायदा त्यांच्या डोळ्यांदेखत मोडत होता आणि त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता. दुसऱ्या कुठल्याही गड्याला त्यांनी झाडावरून खाली ओढून हाणलं असतं. लहान फांद्या नीट उतरल्या, मग मध्यम, मग मोठ्या. काहीच झालं नाही. काही झालं नाही, ही फार वाईट गोष्ट असते.

एका सकाळी मी त्यांच्या ओसरीवर चहा घेत होतो. ते मडम मांडीवर घेऊन बसले होते आणि आकड्याच्या आतल्या बाजूला अंगठ्याने चाचपत होते. साखळी बसते त्या जागी झिजून घास पडली होती, बोटाचं टोक बसेल एवढी. त्यांनी ती मला दाखवली. इतक्यात रामराव आला. किसनरावांनी कप्पी चटकन खाली ठेवली, चोरी पकडल्यासारखी.

"रामरावजी," ते खाकरून म्हणाले, "मी काय म्हनो, चांदूर बाजारचा निंब जरा जंगी हाय. म्हैसबी असू द्या संगं."

"हे हाय ना मामाजी," रामराव कप्पी उचलत म्हणाला, "तुमीच तं देल्ली."

"होय, होय. असू द्या म्हनलं. बैलगाडीत जागा हाय."

"कायले उगीच?"

"नाई, तसं काई नाई. सहज म्हनलं."

एवढंच बोलणं झालं. किसनरावांनी आणखी एकदा तोंड उघडलं आणि चहाचा घोट घेऊन मिटलं.

चांदूर बाजारला आठवडी बाजाराच्या जागेत एक धान्याची वखार होती, तिच्या टिनांवर त्या कडूनिंबाची जाड फांदी आली होती. मी तिथे नव्हतो. किसनरावांनी मला ते नंतर इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे होतो असं मला वाटायला लागलं. फांदी बांधली, दोर मडमेवरून खाली आला, किसनरावांनी बुंध्याला वेढा दिला. वरून रामरावने करवत चालवली. फांदी सुटली, तिने दोराला झटका दिला आणि आकडा मोडला.

"मी दोर सोडून रायलो होतो ना मास्तर," ते म्हणायचे, "अन् एकाएकी माह्या हातात काईच वजन नाई राह्यलं. तवाच समजलं."

फांदी दोरासकट फिरली आणि तिचा बुडखा रामरावच्या उजव्या पायावर येऊन आदळला. पाय फांदी आणि बुंधा यांच्यामध्ये चेचला. कमरेच्या दोराच्या त्या छोट्या पांढऱ्या कड्या मात्र तसूभर हलल्या नाहीत. त्यांनी त्याला धरून ठेवलं, म्हणून जीव वाचला. अंगाला जर्मन चालतं, हा कायद्याचा अर्धा भाग खराच होता. सरकारी दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्या दिवसानंतर किसनरावांचा आवाज गेला. घशाला काही झालं नव्हतं. पण समोरच्या दुकानदाराला हाक मारायची तरी ते त्याच्या ओट्यापर्यंत चालत जायचे. दोर, साखळ्या, म्हैस, सगळं त्यांनी दुसऱ्या एका गड्याला देऊन टाकलं आणि स्वतः अडत्याच्या दुकानी पोती मोजायला बसले. रस्त्याने चालताना आता नजर खाली असे. नालीत पाय जायचा बंद झाला. मला तर तो नालीत गेलेला पायच बरा वाटायचा.

आणि एक नवीनच खोड लागली. भेटेल त्याला ते अपराध सांगायचे. "म्या केलं ते. मले घास दिसली होती. म्या बोललो नाई." ऐकणारा आपला म्हणायचा, जाऊ द्या किसनराव, नशिबात होतं. ते त्यांना नको असायचं. त्यांना कुणीतरी फाडफाड बोलायला हवं होतं, झाडावरच्या गड्याला ते बोलायचे तसं. सरजाबाई बोलली नाही, डोळे पुसत राहिली. शांता बोलली नाही. मीही बोललो नाही; तो माणूस समोर बसलेला असताना काय बोलायचं? आणि ज्याला बोलायचा खरा हक्क होता तो रामराव तर दवाखान्यातल्या खाटेवरून उठायची धडपड करायचा, सासरे आलेत म्हणून.

पुढे अकोल्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याने रामरावला फाटकावर बसायची नोकरी दिली आणि शांता-रामराव तिकडे गेले. फाटकाला लागून एक खोलीही मिळाली. किसनराव दर बाजाराच्या दिवशी मोटारीने अकोल्याला जायचे. कधी ज्वारीचं पीठ, कधी तुरीची डाळ, मोसमात संत्री. थोड्याच दिवसांनी माझी बदलीही अकोल्याच्या शाळेत झाली, त्यामुळे वरचेवर भेट होईल असं मला वाटलं होतं. तशी ती झाली नाही.

किसनरावांना मी शेवटचं पाहिलं ते अकोल्याच्या मोटार स्टँडवर. शाळा सुटल्यावर घरी जात होतो. स्टँडच्या कडेला झाडाखाली ते संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. फार खंगले होते. रस्त्यापलीकडे, समोरच, जिनाचं फाटक.

"इथे काय बसलात? चला, जावयाकडे जाऊ," मी म्हटलं.

"नाई मास्तर. अठूनच दिसते ना घर."

"दिसतं म्हणजे? आत जात नाही?"

त्यांनी पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले. "शांता म्हने, बाबा, तुमी येता अन् त्यायच्या पायाकडे पाहत बसता. आमाले दिवसभर काम असते, आठवाले फुरसत नसते. तुमी आले का तो पाय घरात येते." मग म्हणाले, "खरं हाय तिचं. रागानं नाई बोलली ती. म्हून मी अठीच बसतो. मोटारीचा टाइम झाला का जातो."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "तुमी नेऊन देता का? माह्या नावानं नोका देऊ. तुमीच आनले म्हना."

मी रस्ता ओलांडून गेलो. रामराव फाटकाशी स्टुलावर बसला होता, कुबडी भिंतीला टेकवून. अंगाने सुटला होता, पण चेहरा तोच, सरळ. मी संत्री दिली आणि ठरल्याप्रमाणे माझीच म्हणून सांगितली. मी वर्गात मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवतो, आणि मला स्वतःलाही ते कधीच नीट बोलता आलेलं नाही. रामरावने एक संत्रं हातात फिरवलं आणि विचारलं, "मामाजी बसले का मोटारीत?"

मी मागे वळून स्टँडकडे पाहिलं.

"दर बजारी येते. त्या झाडाखाली बसते. मले अठून दिसते ना."

"मग हाक का मारत नाहीस, भल्या माणसा?" मी चिडून म्हणालो.

रामरावने संत्रं पिशवीत परत ठेवलं. "कोनत्या तोंडानं मारू? मास्तर, ते घास मलेबी दिसली होती. चांदूर बाजारच्या आधी लय दिवस. दर वक्ती चढतानी पाहो. म्हनो, उद्या म्हैस घेऊ, उद्या घेऊ. पन मामाजीनं देल्लेली, म्या कपाळाले लावलेली वस्तू. म्या ते टाकली असती तं त्यायच्या मनाले लागलं असतं. त्या सकाळी ते म्हने, म्हैस असू द्या. मले वाटलं, ते माहा मान ठेवाले म्हनून रायले. म्या म्हनलं, मीबी त्यायचा ठेवतो."

"हे तू त्यांना सांगितलंस?"

"म्या सांगतलं तं त्यायले वाटन, जवाई मन राखाले खोटं बोलून रायला. तुमी सांगा. तुमी मास्तर हा, तुमचं खरं मानतीन."

मी जवळजवळ धावतच रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या माणसाला द्यायला माझ्याजवळ काहीतरी होतं. अमरावतीची मोटार लागली होती, किसनराव उठून उभे होते. मी त्यांचा हात धरून सगळं सांगितलं. त्याला माहीत होतं, किसनराव. त्याला घास दिसली होती. तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून चढला. तुम्ही एकटे नाही.

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांचा चेहरा उजळेल म्हणून मी वाट पाहत होतो.

"म्हंजे त्यायले ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो ना!"

"अन् तरीबी चढले."

"हो."

"माह्यासाठी चढले." मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, मले इतके दिवस वाटे, मी चूप राह्यलो तेवढंच माहं पाप. म्या तं त्यायलेबी चूप केलं. पयलेचा रामड्या असता, तं तठीच कप्पी फेकून मले म्हनला असता, बुढ्या, येडा झाला का? म्या त्याले तेवढं बोलाची जागा नाई ठेवली."

"असं नाही हो किसनराव—"

"असंच हाय. बरं झालं सांगतलं." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, उलट मलाच धीर दिल्यासारखं. "थंडीत पाय ठनकते का हो त्यायचा? तेवढं विचाराचं राहून गेलं."

मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. कंडक्टरने घंटी मारली, ते चढले.

रस्त्यापलीकडे रामराव कुबडी काखेत घेऊन फाटकाच्या बाहेर येऊन उभा राहिला होता आणि एक हात वर करून मोटारीकडे पाहत होता. मोटार अर्धी रिकामी होती. त्याच्या बाजूच्या खिडक्या सगळ्या मोकळ्या होत्या. किसनराव पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, आणि मोटार सुटली.